एकवीस दिवसांची मुदत

आबा, माझा बाप, माझ्याशी जवळजवळ दोन वर्षं बोलला नाही. म्हशींबद्दल मात्र रोज बोलायचा, आणि ते सगळं मला ऐकू यायचं. हे कसं, ते सांगायचं तर आधी थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. कंटाळा आला तरी ऐका, पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी बिरवाडीत एका खोलीत राहते. आजूबाजूच्या खोल्यांमध्ये कारखान्यांतले कामगार, तिन्ही पाळ्यांचे, त्यामुळे आमच्या जिन्यात चपला कधी कमी होत नाहीत. मी मात्र कुठे जात नाही. टेबल, लॅपटॉप, पंखा. कपडे विकणाऱ्या एका वेबसाइटच्या ऑफिससाठी जावास्क्रिप्ट लिहिते. आईला वाटतं मी टायपिंग करते, आणि कधी कधी मलाही तसंच वाटतं.

घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. चौदा घरं आणि त्याच्या तिप्पट जनावरं. वाडीत फोनला रेंज नाही. रेंज येते ती वरच्या टेपाडावर, जिथे गुरं चरायला जातात. म्हणून आमच्याकडे फोन गुराख्याबरोबर फिरतो, आणि गुराखी म्हणजे आबा. सकाळी गुरांबरोबर वर जातो, संध्याकाळी गुरांबरोबर खाली येतो. वाडीतल्या कुणाला मुंबईला काही कळवायचं असेल तर तो गुराख्यालाच सांगतो.

पोलादपूरचे जनावरांचे डॉक्टर आबावर दर वेळी वैतागायचे. म्हैस रेड्याकडे नेऊन कधी भरवली, माजावर कधी आली, इंजेक्शन कधी दिलं, या सगळ्याच्या त्यांना तारखा हव्या असायच्या. आबा सांगायचा, "पल्याडच्या घरात बारसं व्हतं ना, त्याच्या आदल्या दिवशी." डॉक्टर कपाळाला हात लावायचे. मी एकदा तिथे होते. मला दोघांचीही कीव आली आणि मी म्हटलं, थांबा, मी काहीतरी करून देते.

करून दिलं ते एक साधं पान. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायचं. एक लाल बटण. दाबायचं आणि दहा सेकंद बोलायचं. तारीख-वेळ पान आपोआप लावतं. रेंज नसेल तर बोललेलं फोनमध्येच राहतं, आणि टेपाडावर पोचल्यावर पान उघडलं की सगळं निघून माझ्याकडे बिरवाडीला येतं. मी ऐकून डॉक्टरांच्या यादीत लिहायची. आबाला लिहिता येत नव्हतं असं नाही, पण मोबाइलवरची अक्षरं म्हणजे त्याला मुंग्या वाटायच्या.

बोललेलं फोनमध्ये राहावं म्हणून मी एक कॅशेची लायब्ररी, म्हणजे माहिती तात्पुरती साठवणारा तयार कोड, वापरली. ऑफिसच्या कामात वापरत होते, तीच इकडे उचलली. ती मुळात गोष्टी मेमरीत धरते. मेमरीतलं म्हणजे हातात धरलेलं. टॅब बंद झाला, फोन बंद पडला, की हात रिकामा. पण तिला सांगता येतं की बाई, ब्राउझरच्या स्टोरेजमध्येही ठेव. मग ते पेटीत ठेवल्यासारखं होतं. फोन बंद पडून परत चालू झाला तरी असतं. मी अर्थातच स्टोरेज निवडलं. आमच्याकडे वीज जाते, चार्जिंग संपतं. एवढी अक्कल मला होती.

दुसरं ती विचारते ते मुदतीचं. ठेवलेली गोष्ट किती दिवसांनी शिळी समजायची? फोनमधली जागा थोडी, कधी ना कधी जुनं काढावंच लागतं. मी आबालाच विचारलं. तेव्हा आम्ही बोलत होतो. तो गोठ्यात शेण भरत होता. म्हणाला, "म्हैस भरवली का एकविसाव्या दिसाला बघायचं. परत माजावर आली तर उलटली. नाय आली तर गाभण. एकवीस दिवस झाले का निकाल. मागचं कुणी इचारत नाय." मी म्हटलं झालं तर मग, एकवीस दिवस. त्याच्यासमोरच ओटीवर बसून तो आकडा टाकला. तो मान वाकडी करून बघत होता. "त्यात म्हशीचं काय लिवलंस?" म्हणाला. मी दाखवलं. एकवीस गुणिले चोवीस गुणिले साठ, असं बरंच. "एवढ्याशा म्हशीला एवढं?" म्हणाला आणि पाटी उचलून गेला.

तिसरं ती जे विचारते, ते नीट ऐका. मुदत संपल्यावर काय करायचं? तीन पर्याय असतात. एक, काहीच करू नको, राहू दे. दोन, घड्याळ लावून बस आणि मुदत संपली की लगेच काढून टाक. तीन, पडून राहू दे, पण कुणी ती गोष्ट मागितली आणि मुदत संपलेली असली, तर देऊ नको, त्याच क्षणी काढून टाक. दुसरा बॅटरी खातो. म्हणून मी तिसरा घेतला. ऑफिसातही तोच होता. तिथे शर्टांच्या किमती असायच्या. शिळी किंमत कुणी मागितली तर दाखवायची नाही, फेकायची, नवी आणायची. बरोबरच आहे. मी तीच ओळ उचलली आणि आबाच्या पानात टाकली. दोन मिनिटांचं काम.

भांडण त्याच्या पुढच्या पावसाळ्यात झालं. वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली होती. सरकारी माणसं येऊन बघून गेली, म्हणाली खाली उतरा. मी बिरवाडीत मोठी खोली बघितली. आबाला म्हटलं, चला दोघं. तो म्हणाला, "जनावरं कुठं बांधू? तुझ्या गॅलरीत?" मी म्हटलं विकून टाक. तो म्हणाला, "तुला इकू का आधी?" आई हसली. मी नाही हसले. मला त्या भेगेचीच भीती वाटत होती आणि हा माणूस थट्टा करत होता. मी म्हटलं, "मग मर इथंच त्यांच्याबरोबर." तोंडातून गेलं. परत घ्यायला जागा होती, पण मी घेतलं नाही. मीसुद्धा त्याचीच मुलगी.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी घरी गेले की उठून गोठ्यात जायचा. फोन केला तर आईकडे द्यायचा. भेग होती तेवढीच राहिली, दरड काही आली नाही. पण लाल बटण तो दाबत राहिला. "आज धाकट्या म्हशीनं कमी खाल्लं." "बैलाच्या खुराला किडे झालेत, औषध लावलंय." मी बिरवाडीत कानाला हेडफोन लावून ऐकायची. मग त्यात हळूहळू म्हशी सोडून दुसरं येऊ लागलं. नाव घेऊन नाही, छे! "फणस एसटीत दिलाय. ज्याचा कुणाचा आसल त्यानं उतरवून घ्यावा." मी धावत महाडच्या स्टँडवर गेले. एकदा म्हणाला, "हे बटान उन्हात दिसत नाय. ज्यानं केलंय त्याला डोळे हायत का?" मी त्याच दिवशी बटण मोठं केलं, गडद केलं. दुसऱ्या दिवशी आलं, "आता दिसतंय." बस, एवढंच. मी खोलीत एकटीच खुदखुदत बसले. पुढे म्हणाला, "दहा शेकंदात म्हैस तरी उठते का?" मी दहाचे तीस केले. माझं उत्तर म्हणजे ते पान असायचं. मी त्यात बदल करायची आणि तो टेपाडावर बसून तो बदल बघायचा. मला वाटलं होतं, असंच करत करत एक दिवस तो सरळ बोलेल. घाई नव्हती मला. त्यालाही नसावी.

यंदा लावणीच्या दिवसांत गुरं वर गेली नाहीत. शेतं भरलेली, माणसं चिखलात, गुरं दाव्याला. आबाचे गुडघेही दुखत होते. नऊ दिवस माझ्याकडे एकही नोंद आली नाही. मला ठाऊक होतं, लावणी आहे. दहाव्या दिवशी सकाळी बांधावर त्याच्या छातीत कळ आली. चौघांनी डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणला. पोलादपूरला पोचायच्या आत संपला होता.

मला रडू आलं नाही. हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. मी गेले, सगळं केलं, तिसऱ्या दिवशी बिरवाडीला परत आले, कारण ऑफिसात एक काम अडलं होतं. साहेबांनी थांब म्हटलं होतं, मीच म्हटलं करते. मला स्क्रीन बघत बसायचं होतं. आई फोनवर काय काय सांगायची आणि मी हं हं करायची. काय सांगितलं ते एक अक्षर आठवत नाही.

तेराव्याला परत गेले. घर माणसांनी भरलेलं. मी पुढच्या दारी बसून पत्रावळी मोजून देत होते. आई आली, तिच्या हातात आबाचा फोन. बंद पडलेला. त्याचा कोयता, टोपी, तंबाखूची डबी आणि फोन, तिने सगळं त्याच्या पंच्यात बांधून पेटीत ठेवलं होतं. गेलेल्याच्या वस्तूला आमच्याकडे तेराव्यापर्यंत हात लावत नाहीत. तो दिवस भरला म्हणून तिने काढला.

"ह्यात तुझं हाय काय तरी," ती म्हणाली. "आदल्या दिशी सांजच्याला तुझा आबा परत परत बटान दाबून लय वेळ बोलत व्हता. म्या म्हटलं, म्हशीचं एवढं काय? तर म्हनला, पोरीला सांगतोय."

"काय सांगत होता?"

"मला काय ऐकू येतं गो लांबून? माझा येक कान गेलाय. पोरीला सांगतोय म्हनला, येवढं खरं."

पोरीला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी फोन हातात घेतला. आई म्हणाली, "ऐक आता." मी म्हटलं, "नंतर." तिने माझ्याकडे बघितलं. मी परत म्हटलं, "माणसं आहेत आये, नंतर ऐकते." खरं म्हणजे माणसांचं काही नव्हतं. मला काही वाटत नव्हतं, आणि ऐकूनही काही वाटलं नाही तर काय करायचं, याची मला भीती वाटत होती. मी फोन परत पंच्यात ठेवला आणि पत्रावळी मोजायला लागले.

मग महिन्याच्या विधीला गेले. मधल्या काळात मी रोज कामाला बसत होते. रोज ती लायब्ररी, रोज ते तीन पर्याय डोळ्यांसमोर. एकदाही, अगदी एकदाही मनात आलं नाही. शर्टांच्या किमती शिळ्या होत होत्या, त्यांच्या मुदती मी ठरवत होते, आणि तिकडे पेटीत काय मोजलं जातंय हे डोक्यात शिरलं नाही. लोक म्हणतात डोकं बधिर होतं. माझं डोकं चालू होतं. बाकीचंच सगळं बंद होतं.

विधी दुपारी आटोपला. मी फोन चार्जिंगला लावला. पन्नास टक्के झाल्यावर घेऊन टेपाडावर निघाले. आई म्हणाली, "हितंच ऐक की." मी म्हटलं वर रेंज आहे, पाठवते, म्हणजे माझ्याकडे राहील, कधी जाणार नाही. शहाणी मी. गवत कमरेएवढं झालं होतं. आबाचा बसायचा कातळ ओला होता, तरी त्यावरच बसले. पान उघडलं.

वरच्या कोपऱ्यात पान दाखवतं, पाठवायच्या नोंदी किती. तिथे नऊ आलं. मी बघितलं. नऊ. मग पान एकेक नोंद मागायला लागलं. मी लिहिलं होतं तसंच. आठ झाले, सहा झाले, आणि मग शून्य. फार तर अर्धा सेकंद गेला असेल. खाली माझंच वाक्य आलं, हिरव्या अक्षरांत: सर्व नोंदी अद्ययावत आहेत.

मला लगेच कळलं. मी माझ्या फोनवर बिरवाडीचा सर्व्हर बघितला. काही आलेलं नव्हतं. येणार कसं? एकही नोंद पाठवली गेली नव्हती. शेवटची नोंद आबा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची, म्हणजे एकतीस दिवसांची. मुदत एकवीस. दहा दिवस त्या नोंदी मुदत संपूनही पेटीत तशाच पडून होत्या, कुणी मागत नव्हतं म्हणून शाबूत. मी मागितल्या आणि म्हणून गेल्या.

तरी खाली येऊन लॅपटॉपला केबल लावली. फोनच्या ब्राउझरचं स्टोरेज लॅपटॉपवरून बघता येतं. पान न उघडता बघता येतं, नोंद न मागता सरळ उचलता येते. हे मी ऑफिसच्या कामात आठवड्यातून दहादा करते. टेपाडावर जायच्या ऐवजी हेच आधी केलं असतं तर नऊच्या नऊ हाताला लागल्या असत्या. आता तिथे दोन कंस होते आणि त्यांच्यामध्ये काही नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

गोठ्यात आई थोरल्या म्हशीखाली बसली होती. बाजूला रेडकू दाव्याला, चांगलं गुबगुबीत. आईने मान वर न करता विचारलं, "काय बोलला?"

मी रेडकाकडे बघितलं आणि बोलून गेले, "थोरली व्याली म्हणाला. रेडकू चांगलं हाय, पोरीला बघायला सांगा, असं."

दुधाची धार थांबली.

"थोरली तो गेल्यावर पाचव्या दिशी व्याली," ती म्हणाली. "तुला फोनवर सांगितलं व्हतं मी."

मग मी तिला खरं सांगितलं. मुदत, एकवीस दिवस, मागितलं की पुसतं, सगळं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला लायब्ररी कळली नसेल, पण बाकीचं बरोबर कळलं.

"म्हंजे तेराव्याला ऐकलं असतंस तर व्हतं."

"हो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने परत आचळाला हात घातला, दोन धारा काढल्या, आणि म्हणाली, "बोलून झाल्यावर हसला व्हता. फोन खिशात टाकला नि हसला. तेवढं म्या बघितलं. तेवढं ठेव तू. आन ती बालदी दे हिकडं."

मी बालदी दिली.

बिरवाडीला आल्यावर मी पानातली ती ओळ बदलली. आता ते पान काहीही कधीही पुसत नाही. मग जुन्या नोंदी काढल्या, वेळेवर पोचलेल्या, सर्व्हरवर नीट असलेल्या, दोन पावसाळ्यांच्या. सगळ्या ऐकल्या, पहिल्यापासून. धाकटी खात नाही, बैलाचं खूर, फणस, बटण, म्हैस उठते का. रविवार सगळा त्यात गेला. आबा कसा हसायचा ते मला आठवेना, म्हणून शोधत होते. एकाही नोंदीत तो हसलेला नाही.